यलोस्टोनचा हिंवाळा
(नभोवाणीवरील भाषण)



सरबताच्या पेल्यांतील खड्यापलीकडे ज्यानें बर्फ कधीं पाहिला नाहीं, अशा माणसानें बर्फावर धांवणाऱ्या गाड्यांविषयीं आपणांपुढें बोलावें, हें जरा धाडसाचेंच आहे. परंतु मीं तालुक्याच्या गांवीं एका शाळेंत जन्मभर इतिहास आणि भूगोल हे दोन विषय शिकविले, आणि न पाहिलेल्या गोष्टींविषयीं बोलण्याची संवय मास्तरांना असतेच. आजचा विषय त्या दोन्ही विषयांच्या सीमेवरचा आहे. त्याकडे वळण्यापूर्वीं माझ्या शाळेंतील एक लहानशी हकीकत सांगतों. पुढें तिचा उपयोग होणार आहे.

आमच्या शाळेंत ओढ्यापलीकडील वाडीहून चार मुलें येत. पावसाळ्यांत सायंकाळीं ओढ्याला पाणी चढे, म्हणून त्या चौघांना मीं शेवटच्या तासाला दहा मिनिटें अगोदर जाण्याची मुभा दिली. पावसाळा सरला, ओढा आटला. मुभा मात्र तशीच राहिली. दिवाळीच्या सुमारास पाहतों तों अर्धा वर्ग ओढ्यापलीकडे राहूं लागलेला! नाताळानंतर मीं ती मुभा बंद केली, तेव्हां पालकमंडळी तक्रार घेऊन आली. गंमत अशी कीं, त्यांची तक्रार अगदींच पोकळ नव्हती. कोणाच्या मुलानें त्या वेळांत दुधाचा रतीब घालण्याचें काम धरलें होतें, तर कोणाची मुलगी धाकट्या भावाला बालवाडींतून घरीं नेत होती. चौघांना दिलेली सवलत आतां कित्येक घरांचा दिनक्रम झाली होती. ती काढून घेणें हा एक अन्याय होता आणि चालूं ठेवणें हा दुसरा. आणि हा पेंच निर्माण करणारा मीच होतों, कारण सवलत देतांना ती कोणाला, कशासाठीं आणि किती दिवस, हें मीं सांगितलेंच नव्हतें.

अमेरिकेंतील यलोस्टोन या राष्ट्रीय उद्यानांत १९६३ सालीं सहा यंत्रगाड्या बर्फावरून आंत शिरल्या. अशा गाड्या किती असाव्यात, कशा असाव्यात आणि त्या कोणीं, कोणत्या रीतीनें चालवाव्यात, याचा टिकाऊ निर्णय व्हावयास २०१३ साल उजाडावें लागलें. मधल्या ५० वर्षांत अध्यक्ष बदलले, न्यायाधीशांनीं एकमेकांविरुद्ध निकाल दिले आणि लक्षावधि नागरिकांनीं आपलीं मतें लिहून पाठविलीं. ही त्या ५० वर्षांची हकीकत आहे.

प्रथम त्या भूमीची ओळख करून घेऊं. यलोस्टोन हें जगांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान. १ मार्च १८७२ रोजीं अध्यक्ष ग्रँट यांच्या सहीनें तें अस्तित्वांत आलें. त्याचा बहुतेक भाग वायोमिंग राज्यांत असून कडेच्या पट्ट्या माँटाना व आयडाहो या राज्यांत जातात. ‘उद्यान’ म्हटल्याबरोबर आपल्या डोळ्यांपुढें फुलांचे ताटवे आणि बसावयाचे बांक उभे राहतात. येथें तसें कांहीं नाहीं. सुमारे ३,४७० चौरस मैलांचा हा रानाचा, कुरणांचा आणि डोंगरांचा प्रदेश आहे आणि त्याचा पुष्कळसा भाग समुद्रसपाटीपासून ७,००० फुटांहून उंच आहे. त्याच्या पोटांत ज्वालामुखीची धग अद्यापि जागी आहे. कोंकणांत ज्याला आपण उन्हाळें म्हणतों, तसे ऊन पाण्याचे झरे तेथें हजारोंनीं आहेत. शिवाय ठराविक अवकाशानें आभाळांत उसळणारीं ऊन पाण्याचीं कारंजीं आहेत. जगांतील अशा कारंज्यांपैकीं निम्म्याहून अधिक या एकाच उद्यानांत आहेत. त्यांतील ‘ओल्ड फेथफुल’ हें सर्वांत प्रसिद्ध.

आतां या चित्रावर हिंवाळा पसरा. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत सर्वत्र बर्फ. ९ फेब्रुवारी १९३३ या दिवशीं पश्चिम प्रवेशद्वाराजवळ पारा शून्याखालीं ६६ अंश फॅरनहाइटपर्यंत उतरला होता. अशा दिवसांत झऱ्यांची वाफ झाडांवर गोठून झाडेंच्या झाडें पांढरीं होतात, आणि ऊन जमिनीच्या आसऱ्याला बायसनांचे कळप येऊन उभे राहतात. बायसन म्हणजे दाट केसांचा, भल्या मोठ्या मस्तकाचा रानबैल. आपल्या सह्याद्रींतील गव्याचा दूरचा आप्त म्हणा ना. तो आपलें मस्तक डावीकडे-उजवीकडे हलवून बर्फ उकरतो आणि खालचें वाळलेलें गवत खातो. त्या गवतांत सत्त्व फारसें नसतें. त्यामुळें हिंवाळ्यांत तेथील जनावर मिळकतीवर जगत नाहीं, उन्हाळ्यांत अंगावर चढविलेल्या चरबीच्या पुंजीवर जगतें. दचकून खोल बर्फांतून शंभर पावलें पळावें लागलें, तर तेवढी पुंजी कमी होते; आणि वसंत येण्यापूर्वीं ती संपली, तर जनावर उभ्या जागीं बसतें आणि पुन्हां उठत नाहीं. हिंवाळ्यांतील शांतता त्या प्राण्यांना अन्नाइतकीच लागते, ही गोष्ट ध्यानांत ठेविल्यावांचून पुढील वाद समजणार नाहीं.

उद्यान कायद्यानें झालें, परंतु प्रारंभीं त्याला पुरेसा पैसा नव्हता आणि राखणदारहि नव्हते. १८८६ सालीं तें लष्कराच्या ताब्यांत देण्यांत आलें आणि १९१८ पर्यंत शिपायांनींच त्याची राखण केली. हिंवाळ्यांत हे शिपाई पायांना लांब लांकडी पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत गस्त घालीत आणि रात्रीं एकाद्या ओसाड झोंपडींत मुक्काम करीत. मार्च १८९४ मध्यें पेलिकन खोऱ्यांत एडगर हॉवेल नांवाचा चोरटा शिकारी मारलेल्या बायसनांचीं कातडीं सोलतांना पकडला गेला. परंतु त्याला शिक्षा करील असा कायदाच नव्हता. फार तर त्याला उद्यानाबाहेर घालवून देतां येत होतें. ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ या नियतकालिकाचे लेखक एमर्सन हफ त्या वेळीं उद्यानांतच होते. त्यांनीं ही हकीकत बाहेर पोंचविली, देशभर ओरड झाली आणि ७ मे १८९४ रोजीं प्राण्यांचें रक्षण करणारा कायदा झाला. तरीहि १९०२ च्या सुमारास उद्यानांतील रानटी बायसनांची मोजदाद दोन डझनांच्या आसपासच भरली. आज ते हजारोंनीं आहेत. एवढ्या कष्टानें वाढविलेली ही ठेव आहे.

१९१६ सालीं अमेरिकेनें सर्व राष्ट्रीय उद्यानांसाठीं एक स्वतंत्र खातें निर्माण केलें. त्या कायद्यानें खात्याला दोन आज्ञा एका दमांत दिल्या. लोकांना या स्थळांचा आनंद घेऊं द्यावा, ही पहिली. आणि तो अशा रीतीनें घेऊं द्यावा कीं पुढील पिढ्यांसाठीं हीं स्थळें अखंड, अबाधित राहतील, ही दुसरी. वाचतांना दोन्ही आज्ञा एकमेकींच्या सख्ख्या बहिणी वाटतात. परंतु आनंद घेणारीं माणसें थोडीं होतीं आणि पायीं चालत होतीं, तोंपर्यंतच त्यांचें पटलें. इंजिन आल्याबरोबर त्यांचें भांडण सुरू झालें.

तें इंजिन बर्फावर कसें आलें, ही कथा करुण आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांत व्हालकूर नांवाच्या गांवीं जोसेफ-आर्माँ बाँबार्डिए हा तरुण यांत्रिक राहत असे. १९३४ च्या हिंवाळ्यांत त्याचा दोन वर्षांचा मुलगा आंतड्याच्या विकारानें आजारी पडला. रस्ते बर्फानें बंद. इस्पितळ दूर. बर्फावर धांवेल अशा गाडीचे प्रयोग बापानें पुष्कळ दिवस चालविले होते, पण तयार गाडी हाताशीं नव्हती. मूल गेलें. पुढें १९३७ च्या सुमारास त्यानें रबरी पट्ट्यावर चालणारी सात माणसांची बंद गाडी तयार केली; डॉक्टर, टपाल, शाळेचीं मुलें यांची तिनें हिंवाळ्यांत वाहतूक केली. १९५९ सालीं त्याच्याच कारखान्यानें एकट्या-दुकट्याला घोड्यासारखें बसून चालवितां येईल अशी हलकी गाडी विक्रीस काढली. पुढें दोन घसरपट्ट्या, मागें फिरता रबरी पट्टा आणि मध्यें लहानसें इंजिन, अशी ही स्नोमोबाइल. गरजेपोटीं जन्मलेलें यंत्र थोड्याच वर्षांत मौजेचें वाहन झालें. मौजेला माझी हरकत नाहीं. परंतु गरजेला जशी स्वाभाविक मर्यादा असते, तशी मौजेला नसते. ती बाहेरून घालावी लागते.

यलोस्टोनच्या भोंवतालच्या गांवांची स्थिति अशी कीं, उन्हाळ्यांत प्रवाशांची रीघ आणि हिंवाळ्यांत दुकानांना कुलपें. म्हणून १९३० नंतरच्या काळापासून तेथील व्यापारी उद्यानांतील रस्त्यांवरचा बर्फ काढून ते मोटारींना खुले करावेत अशी मागणी करीत होते. अधिकारी ती नाकारीत. इतक्यांत १९४९ सालीं पश्चिमेकडील वेस्ट यलोस्टोन गांवाहून कांहीं प्रवासी एका विचित्र वाहनांतून आंत आले. त्याला स्नोप्लेन म्हणत: घसरपट्ट्यांवर बसविलेली लहानशी खोली आणि मागें विमानाचा पंखा. उडावयाचें नाहीं, नुसतें ढकलावयाचें. १९५५ मध्यें बाँबार्डिएच्या बंद गाड्या, म्हणजे स्नोकोच, सुरू झाल्या; आणि १९६३ मध्यें त्या सहा स्नोमोबाइल आल्या. त्यांना कोणीं अडविलें नाहीं. सहा गाड्यांना काय अडवावयाचें?

१९६७ सालीं काँग्रेसनें या हिंवाळी वाहतुकीविषयीं सुनावणी घेतली. १९६८ मध्यें उद्यानाच्या अधिकाऱ्यांनीं ठरविलें कीं, रस्ते खणून मोटारी सोडावयाच्या नाहींत. बर्फ तसाच ठेवून त्यावरून धांवणाऱ्या वाहनांना जाऊं द्यावयाचें. या निर्णयामागील विचार अगदींच चुकीचा नव्हता. रस्ता खणला कीं दोहों बाजूंस बर्फाच्या उंच भिंती उभ्या राहतात. मोटारींतील प्रवाशाला त्यांपलीकडचें कांहीं दिसत नाहीं, आणि चरींत सांपडलेल्या जनावराला बाहेर पडतां येत नाहीं. शिवाय खर्च अफाट. त्या मानानें थोड्या स्नोमोबाइल हा सौम्य मार्ग दिसला. त्या वेळचे अधीक्षक जॅक अँडरसन हे स्वतः या वाहनाचे पुरस्कर्ते होते. १९७१ पासून उद्यानाचे कर्मचारी रस्त्यांवरील बर्फ यंत्रानें दाबून गुळगुळीत करूं लागले आणि ओल्ड फेथफुल येथें हिंवाळी प्रवाशांसाठीं विश्रामगृह उघडण्यांत आलें. केवळ उत्तरेकडील एक रस्ता मोटारींसाठीं मोकळा ठेवण्याची रीत होती, ती आजहि आहे. बाकीचें उद्यान बर्फावरील गाड्यांचें झालें.

माझ्या शाळेंतील हकीकत येथें आठवावी. अधिकाऱ्यांनीं दार उघडलें, वाट झाडून दिली, उतरावयास जागा दिली. फक्त संख्या सांगितली नाहीं. गाडी कशी असावी, तिचा धूर किती, आवाज किती, हेंहि ठरविलें नाहीं. वास्तविक १९७२ सालीं अध्यक्ष निक्सन यांनीं एक आज्ञा काढली होती. सरकारी जमिनींवर रस्ता सोडून धांवणारीं वाहनें कोठें चालावीं आणि कोठें चालूं नयेत, हें जमीन, प्राणी आणि इतर प्रवासी यांचा विचार करून ठरवावें, असें तींत होतें. स्नोमोबाइल तींत स्पष्टपणें धरलेली होती. ग्लेशियर नांवाच्या दुसऱ्या उद्यानानें त्याच दशकांत विचार करून या गाड्या साफ बंद केल्या. तेथें वहिवाट अजून रुजलेली नव्हती, त्यामुळें फारसें कांहीं तुटलें नाहीं. यलोस्टोननें मात्र वहिवाट वाढूं दिली.

आणि ती वाढली. १९९२ ते १९९९ या वर्षांत हिंवाळ्यांतील दर दिवशीं सरासरी ७९५ स्नोमोबाइल उद्यानांत शिरत. सुटीच्या दिवशीं हा आंकडा हजारावर जाई. बहुतेक स्वार वाटाड्यावांचून, आपल्या मर्जीनें हिंडत. या जुन्या गाड्यांचें इंजिन दोन-ठोक्यांचें असे. त्यांत तेल आणि पेट्रोल एकत्र जळतें आणि इंधनाचा बराच भाग न जळतांच बाहेर पडतो. थंड, जड हवेंत तो धूर वर न जातां निळसर थरासारखा साचून राही. पश्चिम दारावर गाड्यांची रांग लागे आणि खिडकीशीं उभ्या असलेल्या रक्षकांचीं डोकीं दुखत, घसे धरत. शेवटीं त्यांच्या खोलींत नळीनें स्वच्छ हवा सोडण्याची सोय करावी लागली, आणि २००२ च्या हिंवाळ्यांत कांहीं रक्षक तोंडाला श्वासयंत्र लावून परवाने देत होते. ज्या देशानें स्वच्छ हवेसाठीं आणि निर्मळ सृष्टीसाठीं उद्यान राखून ठेविलें, त्याच्याच दाराशीं पहारेकऱ्यानें तोंड बांधून उभें राहावें, हें चित्र वर्तमानपत्रांतून देशभर गेलें.

तरी दुसऱ्या बाजूचें म्हणणेंहि ऐकिलें पाहिजे. वेस्ट यलोस्टोन गांवाचा हिंवाळा आतां या गाड्यांवर उभा होता. गाड्या भाड्यानें देणारे, खाणावळवाले, दुरुस्ती करणारे यांच्या चुली त्यांवर पेटत होत्या. लांकडी पट्ट्या बांधून तीस मैल घसरत जाणें हें तरण्याबांड माणसाचें काम. वयस्क माणसानें किंवा अधू गुडघ्यांच्या बाईनें हें दृश्य पाहूंच नये काय, असा त्यांचा प्रश्न होता. आणि ज्या सरकारनें स्वतः बर्फ दाबून रस्ता करून दिला, त्यानेंच आज त्याला गुन्हा म्हणावें, याचा त्यांना संताप येई. माझ्याकडे आलेल्या पालकांचेंहि याहून वेगळें म्हणणें नव्हतें.

ठिणगी पडली ती मात्र निराळ्याच दिशेनें. १९९६-९७ चा हिंवाळा भयंकर गेला. बर्फावर गोठलेल्या पाण्याचा कठीण थर बसला. बायसनांना तो फोडतां येईना. ते अन्न शोधीत उद्यानाबाहेर माँटाना राज्यांत उतरले. तेथील पशुपालकांना भीति अशी कीं, त्यांच्यांतील गर्भपाताचा सांसर्गिक रोग गाईंना लागेल. त्या एका हिंवाळ्यांत १,०८४ बायसन मारण्यांत आले. दोन डझनांपासून वाढविलेल्या कळपाची ही गत पाहून लोक हळहळले. १९९७ सालीं फंड फॉर अॅनिमल्स या संस्थेनें सरकारवर दावा लावला. तिचें म्हणणें असें कीं, गाड्यांसाठीं दाबून कठीण केलेला रस्ता हा बायसनांना बाहेर नेणारा राजमार्ग झाला आहे, आणि त्याचा परिणाम न तपासतांच सरकारनें तो चालूं ठेविला आहे. तडजोड होऊन सरकारनें सबंध हिंवाळी वाहतुकीची चौकशी करून नवी योजना आंखण्याचें कबूल केलें. गमतीची गोष्ट ही कीं, पुढील अभ्यासांत बायसन बहुतेक प्रवास नदीकांठच्या आपल्या जुन्या वाटांनींच करतात असें दिसून आलें. मूळ मुद्दा लंगडा पडला. पण त्या निमित्तानें धूर, आवाज आणि संख्या हे तिन्ही प्रश्न प्रथमच तागडींत पडले.

यापुढील दहा वर्षें म्हणजे झोंपाळा. २००० सालीं क्लिंटन यांच्या कारकीर्दींत ठरलें कीं, स्नोमोबाइल क्रमाक्रमानें बंद करून केवळ स्नोकोच ठेवाव्यात. गाड्यांच्या पुरस्कर्त्यांनीं लगेच दावा केला. अध्यक्ष बदलले, २००१ मध्यें बुश यांच्या सरकारनें तडजोड करून फेरतपासणी मान्य केली. तिच्यावर साडेतीन लाखांहून अधिक अभिप्राय आले. २००३ मध्यें दररोज ९५० गाड्यांना परवानगी देणारा नियम झाला. हंगाम १७ डिसेंबरला उघडावयाचा. १६ डिसेंबरला वॉशिंग्टन येथील न्यायाधीश एमेट सुलिव्हन यांनीं तो नियम रद्द करून गाड्या हळूहळू बंद करण्याची जुनी योजना पुन्हां लागू केली. सामान बांधून निघालेले प्रवासी आणि भाड्याच्या गाड्या सज्ज ठेवलेले दुकानदार, दोघेहि वाटेंतच थबकले. दोनच महिन्यांनीं, फेब्रुवारी २००४ मध्यें, वायोमिंग येथील न्यायाधीश क्लॅरेन्स ब्रिमर यांनीं उलट हुकूम दिला. एकाच देशाच्या एकाच उद्यानाविषयीं दोन न्यायालयें दोन तोंडांनीं बोलूं लागलीं. त्या वर्षीं दररोज ७२० गाड्यांचा तात्पुरता नियम झाला. २००७ मध्यें ५४० चा झाला, तो २००८ मध्यें न्यायालयानें मोडला. २००९ मध्यें ३१८ स्नोमोबाइल व ७८ स्नोकोच असा आणखी एक तात्पुरता नियम आला.

हे आंकडे मीं मुद्दाम ओळीनें सांगितले. ७९५, शून्य, ९५०, ७२०, ५४०, ३१८! बाजारांत भाव ठरतो तसा हा आंकडा खालींवर होत होता. सुलिव्हन यांच्या निकालांचा रोख नेमका येथेंच होता: सरकारनें निर्णय बदलावा, पण कोणत्या कारणानें बदलला तें शास्त्राच्या आधारें दाखवावें. संरक्षण ही उद्यानखात्याची पहिली जबाबदारी आहे, ती राजकीय वाऱ्याबरोबर फिरणारी दिशादर्शक कोंबडी नव्हे.

परंतु या धुमश्चक्रींत एक चांगली गोष्ट मुकाट्यानें घडत होती. २००४ च्या तात्पुरत्या नियमानें दोन अटी घातल्या होत्या. प्रत्येक तांड्याबरोबर परवानाधारक वाटाड्या असलाच पाहिजे, ही एक. आणि गाडी कमी धुराची, कमी आवाजाची, म्हणजे बहुतेक चार-ठोक्यांच्या इंजिनाची असली पाहिजे, ही दुसरी. परिणाम दोन-तीन हिंवाळ्यांतच दिसला. वाटाड्या पुढें असल्यामुळें बेफाम धांवणें, जनावरांच्या अंगावर जाणें थांबलें. हवा स्वच्छ झाली. आणि नियमानें ७२० ची मुभा असतांहि प्रत्यक्षांत येणाऱ्या गाड्यांची दैनिक सरासरी ३०० च्या आंतच राहिली. हवेचें आणि आवाजाचें मोजमाप करणारीं यंत्रें पश्चिम दाराशीं व ओल्ड फेथफुलपाशीं बसविलीं होतीं. त्यांच्या नोंदींनीं वाद घालणाऱ्यांना प्रथमच एक सामाईक पाटी मिळाली.

त्या पाटीवरूनच २०१३ चा नियम लिहिला गेला. त्यांतील मुख्य कल्पना मला फार मार्मिक वाटते. आजवर सारे गाड्या मोजीत होते. या नियमानें व्यत्यय मोजला. दहा गाड्या दिवसभर एकएकट्या गेल्या, तर रानाची शांतता दहा वेळां भंगते. त्याच दहा एका तांड्यानें गेल्या, तर ती एकदांच भंगते आणि मग पुन्हां जुळते. म्हणून एक स्नोकोच किंवा स्नोमोबाइलींचा एक तांडा, यांस एकच फेरी समजावयाचें. अशा फेऱ्या दिवसाला जास्तींत जास्त ११०. त्यांपैकीं स्नोमोबाइलींच्या तांड्यांना ५० च्या वर नाहींत. तांड्यांत १० हून अधिक गाड्या नकोत, आणि व्यावसायिक तांड्यांची हंगामाची सरासरी ७ च्या आंत हवी. धूर आणि आवाज यांची कमाल मर्यादा ठरलेली. ज्यांना भाड्याचा वाटाड्या परवडत नाहीं किंवा आवडत नाहीं, त्यांच्यासाठींहि एक फट ठेविली: प्रत्येक दारानें रोज एक खाजगी तांडा, पांच गाड्यांपर्यंत, त्याच्या प्रमुखानें शिक्षण घेतलेलें असावें आणि परवाना सोडतीनें मिळावा. २०१४ च्या डिसेंबरांत ही पद्धति अंमलांत आली.

यामुळें सर्व संतुष्ट झाले असें नाहीं. यंत्र मुळींच नको म्हणणारे आजहि आहेत, आणि एकेकाळीं एकट्यानें मोकाट हिंडलेले स्वार जुने दिवस आठवून हळहळतात. परंतु वेस्ट यलोस्टोनमधील गाड्या भाड्यानें देणारांपैकीं पुष्कळ जण आतां वाटाडे पुरविण्याचा धंदा करतात. आणि दारावरच्या रक्षकाला तोंड बांधावें लागत नाहीं.

माझा एक जुना विद्यार्थी त्या देशांत नोकरीस असतो. तो एका जानेवारींत तेथें जाऊन आला आणि त्यानें मला दूरध्वनीवरून सारें वर्णन सांगितलें. एका वळणावर वाटाड्यानें हात वर केला. सातहि गाड्या एका ओळींत कडेला थांबल्या, इंजिनें बंद झालीं. समोरून रस्त्यानेंच बायसनांची रांग येत होती. पाठीवर बर्फाचा थर, दाढ्यांना गोठलेला दंव. ते अंगावरून जावेत इतक्या जवळून संथपणें निघून गेले. एकानेंहि मान वर केली नाहीं. मीं विचारलें, “ऐकूं काय आलें रे?” तो म्हणाला, “सर, त्यांचा श्वास.”

सात इंजिनें तेथें होतीं आणि तरीहि श्वास ऐकूं आला. माझ्या मतें त्या ५० वर्षांच्या वादाचें फलित हेंच. परंतु त्याची किंमत विसरतां येत नाहीं. हाच विचार सहा गाड्या आल्या तेव्हां झाला असता, तर एका संध्याकाळच्या बैठकींत आटोपला असता. हजार गाड्या झाल्यावर त्याच विचाराला न्यायालयें, अहवाल आणि एका पिढीचा राग लागला. नियम कठोर असला म्हणून माणसें दुखावतात असें नाहीं. तो उशिरां आला म्हणून अधिक दुखावतात.

आमच्या शाळेचें पुढें काय झालें, तें सांगून रजा घेतों. पुढच्या जूनमध्यें मीं फळ्यावर लिहिलें: ओढ्यापलीकडील मुलांसाठीं, दहा मिनिटें, ओढ्याला पाणी असेपर्यंत. कोणीहि तक्रार केली नाहीं. ऑक्टोबरांत त्या मुलांपैकींच एकानें डस्टर घेऊन ती ओळ पुसून टाकली.